विमानाचे मास्तर आणि ओळखीची नोकरी



आपल्या लोकांना ‘वशिला’ या शब्दाची चीड आहे आणि ती रास्त आहे. पेपरात जाहिरात यावी, अर्ज करावा, परीक्षा द्यावी, यादी लागावी आणि बिंदुनामावलीप्रमाणे ज्याची जागा त्याला मिळावी, या सरळ रस्त्याने आपली पहिली पिढी कारकून, शिक्षक, पोस्टमन झाली. त्या रस्त्याला कुणाची मेहेरबानी लागत नव्हती. म्हणून आज घरातला मुलगा ‘कुणाची तरी ओळख पाहिजे’ असे म्हणाला की म्हातारा बाप रागावतो. बाबासाहेबांनी कागदावर हक्क लिहून दिला असताना तू कुणाचे पाय धरायला निघालास, असे तो विचारतो.

बापाचा राग खरा आहे. पण मुलाची अडचणही खोटी नाही. सरकारी कचेऱ्यांतून माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची पुष्कळदा रिकामीच राहते, किंवा तिच्यावर कंत्राटी माणूस येऊन बसतो. कंपन्यांमध्ये जागा निघाली हेच आपल्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा ती भरलेली असते. कशी भरली? तर आतल्या कुणीतरी कुणाचे तरी नाव सांगितले. हे नाव सांगणे म्हणजे नेमके काय, ते वशिल्यापेक्षा वेगळे आहे की तोच जुना माल नव्या पिशवीत आहे, याचा विचार आम्ही या वेळी करणार आहोत. उदाहरण मात्र दूरचे, अमेरिकेतल्या वैमानिकांचे घेत आहोत. एस. टी.च्या पाससाठी पैसे जुळवणाऱ्या घरात विमानाच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्या धंद्यात ओळखीचे काम उघडपणे चालते, कुणी ते लपवीत नाही. त्यामुळे त्याचे आतले यंत्र उघडून पाहता येते. शिवाय त्याच धंद्यात काळ्या माणसांच्या वाट्याला काय आले, ते आपण वाचलेच पाहिजे.

अमेरिकेत पोटासाठी विमान चालवायचे तर साधारणपणे अडीचशे तास उड्डाण झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळतो. पण अडीचशे तासांच्या माणसाच्या हाती प्रवासी विमान कुणी देत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या कंपनीचे विमान कोसळले आणि ५० माणसे मेली. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी सरकारचा पिच्छा पुरविला. २०१० साली कायदा झाला आणि ऑगस्ट २०१३ पासून प्रवासी कंपनीत वैमानिक व्हायला सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट आली. (विशेष असे की, त्या पडलेल्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजाराहून अधिकच होते. कायदे कधी कधी असेही होतात.)

मग मधले बाराशे-साडेबाराशे तास आणायचे कुठून? विमान भाड्याने घेऊन स्वतःच्या पैशाने उडत बसणे श्रीमंताच्या पोरालाच जमते. बाकीची मुले शिक्षकाचा परवाना काढतात आणि दुसऱ्याला विमान चालवायला शिकवितात. शिष्य पैसे भरतो आणि मास्तरांचे तास वाढतात. मास्तर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण आपल्याकडच्या शिकवणी घेणाऱ्या गरीब मास्तरांसारखीच यांची स्थिती असते. पुष्कळ ठिकाणी पगार महिन्याचा नाही, तासाचा. पाऊस आला, धुके पडले, शिष्याला सर्दी झाली, की त्या दिवशीची कमाई गेली. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तास पुरे झाले की बहुतेक मास्तर मोठ्या विमान कंपनीत अर्ज करतात. तिथला रस्ता आपल्या सरकारी रस्त्यासारखा आहे. अर्ज, मुलाखत, परीक्षा आणि मग ज्येष्ठतेचा क्रमांक. परंतु दुसरीही एक वाट आहे. अमेरिकेत पुष्कळ मोठ्या कारखानदारांची, बांधकामवाल्यांची, दुकानांच्या साखळ्यांच्या मालकांची स्वतःची विमाने असतात. साहेबांना सकाळी एका गावी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी नेणे, हे त्यांचे काम. अशा एखाद्या कंपनीकडे विमाने दोन आणि वैमानिक चार-पाच, एवढाच पसारा असतो. एक वैमानिक सोडून गेला की एकच जागा निघते. त्या एका जागेसाठी जाहिरात देऊन शेकडो अर्ज कोण चाळणार? मुख्य वैमानिक आपल्या माणसांना विचारतो, ‘कुणी चांगला माहीत आहे का?’ तिथेच पुष्कळदा काम संपते.

याला कारणही आहे. दोन वैमानिकांना हातभर रुंदीच्या जागेत तासन्‌तास शेजारी बसायचे असते, परगावी हॉटेलात राहायचे असते, रात्री अपरात्री फोन आला की निघायचे असते. सामान उचलणे, साहेबांच्या चहा-कॉफीची आणि बर्फाची व्यवस्था पाहणे, उतरल्यावर आतली झाडलोट करणे, ही कामेही लहान कंपनीत वैमानिकालाच करावी लागतात. साहेब गाडीत काय बोलले ते बाहेर सांगायचे नाही, हा अलिखित नियम. विमान चालविता येते की नाही, हे परवान्यावरून कळते. माणूस कसा आहे, हे परवान्यावर लिहिलेले नसते. विमा कंपनी तास मोजते, पण स्वभाव मोजायचे यंत्र तिच्याकडेही नाही.

आता ज्याला ही नोकरी लागते त्या मास्तरांचे पाहा. ते ज्या छोट्या विमानतळावर शिकवितात तिथेच या कंपन्यांची विमाने उभी असतात. पेट्रोलची गाडी चालविणारा, हँगरमधला मेकॅनिक, काउंटरवरची बाई, ही सगळी माणसे मास्तरांना रोज पाहतात. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून हा माणूस खरोखर तपासणी करतो की नुसता हात फिरवून मोकळा होतो? शिष्य चुकला तर ओरडतो की समजावतो? हे सगळे त्यांना ठाऊक असते आणि मुख्य वैमानिक चहा पिता पिता यांनाच विचारतो. मास्तरांचे शिष्यही नाना तऱ्हेचे असतात. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी कंत्राटदार, कुणी कारखान्याचा व्यवस्थापक. हौस म्हणून शिकायला आलेला असा एखादा शिष्य पुढे स्वतः विमान घेतो आणि आपल्या मास्तरांनाच चालवायला बोलावतो, किंवा मित्राच्या कंपनीत जागा आहे असे सांगतो.

शहाणा मास्तर यात एक गोष्ट सांभाळतो. तो भेटेल त्याला ‘नोकरी द्या’ म्हणत नाही. कंपनीच्या वैमानिकाला तो विचारतो, तुम्ही इथवर कसे आलात, मी आता काय शिकावे, कोणत्या गोष्टीला तुमच्याकडे मान आहे? नोकरी मागितली की समोरचा माणूस अडचणीत येतो, कारण बहुधा त्याच्या हातात ती नसते. माहिती मागितली की तो खुलतो. नंतर सहा महिन्यांनी जागा निघते तेव्हा त्याला हा तरुण आठवतो. आणि नाव सांगितले म्हणून सुटका होत नाही. जेट विमानासाठी त्या त्या जातीच्या विमानाची वेगळी परीक्षा असते, जमिनीवरच्या नकली विमानात बसवून इंजिन बंद पाडून पाहतात. तिथे मास्तर घसरले तर नाव सांगणाऱ्याची अब्रू जाते. आम्हाला वशिला आणि ओळख यांतला फरक इथे दिसतो. वशिल्याने नालायक माणूस आत ढकलला जातो आणि ढकलणाऱ्याचे काहीच जात नाही. ओळख सांगणारा आपल्या नावाची पत पणाला लावतो. अर्थात या दोहोंच्या मधली रेघ पुसट आहे, हे आम्हीही जाणतो.

या वाटेने गेलेला एक माणूस तिकडच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अल युल्ची त्याचे नाव. जन्म १९१७ सालचा, केंटकी राज्यातल्या एका दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याच्या सात मुलांत हा धाकटा. विमान शिकण्याचे वेड लागले, पण पैसा नव्हता. म्हणून त्याने सोळाव्या वर्षी रस्त्याच्या कडेला हॅम्बर्गरची टपरी टाकली आणि त्या कमाईतून उडायला शिकला. पुढे तो उड्डाणाचा मास्तर झाला. एकदा शिकविताना विमान उलटे फिरले, हा बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने वाचला. नंतर पॅन ॲम या त्या काळच्या बलाढ्य विमान कंपनीत लागला आणि कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांचा खाजगी वैमानिक झाला. हे काम त्याने बरीच वर्षे केले. साहेब बैठकीला गेले की हा विमानतळावर इतर कंपन्यांच्या वैमानिकांशी गप्पा मारीत बसे. त्याच्या ध्यानात आले की, लष्करातून आलेल्या या वैमानिकांना नवे विमान नीट शिकविणारे कुणी नाही. तेव्हा १९५१ साली त्याने घर गहाण टाकून ‘फ्लाइटसेफ्टी’ ही प्रशिक्षण संस्था काढली. पॅन ॲमची नोकरी त्याने लगेच सोडली नाही, १९६८ पर्यंत दोन्ही चालविले. साहेबांच्या विमानामुळे ज्या बड्या मंडळींशी त्याची नमस्कार-चमत्काराची ओळख झाली होती, त्यांच्या कंपन्या त्याची गिऱ्हाइके झाल्या. १९९६ साली ती संस्था दीडशे कोटी डॉलरला विकली गेली. युल्ची २०१२ साली वारले.

टपरीवाल्या पोराने एवढे केले याचे कौतुक आम्हालाही आहे. पण आता त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करू.

पेरी यंग हा काळा माणूस. जन्म १९१९ सालचा, म्हणजे युल्चीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. हाही तरुणपणीच उडायला शिकला, हाही मास्तर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अलाबामा राज्यात तुस्कीगी येथे काळ्या वैमानिकांची पहिली तुकडी तयार झाली. तिथे शिकविणाऱ्यांत यंग होता. दीडशेच्या आसपास वैमानिक त्याच्या हाताखालून गेले. युद्ध संपले, शिष्य पदके घेऊन घरी आले. पण गुरूला किंवा शिष्याला देशातली एकही प्रवासी विमान कंपनी वैमानिक म्हणून उभे करीना. यंग देश सोडून हैतीला गेला. तिथे तुस्कीगीचाच सहकारी जेम्स प्लिंटन त्याच्या बरोबर होता. हैतीत आणि कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर मिळेल ते उड्डाणाचे काम त्याने केले. डिसेंबर १९५६ मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या भेदभाव-विरोधी आयोगाचा दट्ट्या मागे असताना, न्यूयॉर्क एअरवेज या हेलिकॉप्टर कंपनीने त्याला घेतले आणि ५ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याने पहिली फेरी केली. अमेरिकेतल्या नियमित प्रवासी सेवेतला तो पहिला काळा वैमानिक. त्या वेळी त्याचे वय ३७ होते आणि मास्तर होऊन त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

धंदा तोच, हुन्नर तोच, वयही जवळपास तेच. एकाला विमानतळावरच्या गप्पांतून संस्था उभी करता आली. दुसऱ्याला त्या गप्पांत बसायलाच जागा नव्हती. ‘कुणी चांगला माहीत आहे का?’ हा प्रश्न गोऱ्या माणसाने गोऱ्या माणसाला विचारला की उत्तरात गोऱ्याचेच नाव येते. त्यात कुणी मुद्दाम शिवी देत नाही, कुणी दार लावून घेत नाही. नाव आठवत नाही, एवढेच. आपल्या लोकांनी हा प्रकार ओळखावा. आडनाव विचारून नकार देणाऱ्या माणसाशी भांडता येते. ज्याला आपले नाव आठवलेच नाही त्याच्याशी भांडायचे कसे?

मार्लन ग्रीन नावाच्या दुसऱ्या काळ्या वैमानिकाने कोर्टात जाऊन हे भांडण केले. हवाई दलातला हा वैमानिक. १९५७ साली कॉन्टिनेन्टल कंपनीला अर्ज करताना त्याने वर्णाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही. मुलाखतीचे बोलावणे आले. चाचणीही झाली. पण त्याच्याहून कमी तास उडालेल्या गोऱ्यांना नोकरी मिळाली आणि हा घरी राहिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. एप्रिल १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने एकमताने लागला आणि १९६५ साली तो कंपनीत रुजू झाला. अर्जापासून आठ वर्षे. २००९ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीने आपल्या एका बोईंग विमानाला त्याचे नाव दिले.

म्हणून ओळख वाढवा म्हणजे सगळे होईल, असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांचे आम्हाला पटत नाही. कायद्याचा दट्ट्या लागतोच. खाजगी कंपन्यांनी जागा जाहीर कराव्यात आणि तिथेही आपला वाटा असावा, ही मागणी आपण सोडता कामा नये. पण नोकरी हाती येईपर्यंतच्या आठ वर्षांत घरात चूल पेटवायची असते. त्या काळात तिकडच्या काळ्या लोकांनी आणखी काय केले, तेही पाहू.

शिकागो शहरात कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन हे दोन मोटार मेकॅनिक होते. विमान-विद्येच्या शाळेने त्यांना वर्णावरून नाकारले, तेव्हा त्यांच्या गोऱ्या मालकाने कोर्टात खेचण्याची धमकी देऊन प्रवेश मिळवून दिला. १९३१ साली दोघे शिकून बाहेर पडले. आपल्याला कुणी धावपट्टी वापरू देत नाही म्हटल्यावर त्यांनी मंडळ काढले आणि रॉबिन्स या काळ्या वस्तीच्या गावी अंगमेहनतीने स्वतःची धावपट्टी केली. त्यांच्यात पुढे विला ब्राउन नावाची बाई आली, पेशाने शिक्षिका. १९३६ साली ही बाई उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून थेट ‘शिकागो डिफेन्डर’ या काळ्या लोकांच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरली. सगळे टंकलेखक हात थांबवून बघत राहिले, असे तिथले संपादक इनॉक वॉटर्स यांनी नंतर सांगितले आहे. तिचे मागणे एवढेच होते की, आमच्या उड्डाणाच्या कार्यक्रमाची बातमी छापा. वॉटर्स स्वतः कार्यक्रमाला गेले, तिच्या विमानात बसले आणि त्या मंडळींचे कायमचे पाठीराखे झाले. त्यांच्या मदतीने देशभरच्या काळ्या वैमानिकांची संघटना उभी राहिली आणि सरकारच्या वैमानिक-प्रशिक्षण योजनेत काळ्या मुलांना जागा मिळावी म्हणून तिने धडपड केली. तेच धागे पुढे तुस्कीगीपर्यंत गेले. आपल्या साप्ताहिकाची थट्टा करणाऱ्यांनी हे वाचावे, म्हणून आम्ही जरा लांबण लावली.

पुढे १९७६ साली वेगवेगळ्या कंपन्यांत एकेकटे पडलेल्या काळ्या वैमानिकांनी शिकागोला जमून आपली संघटना केली. ती आजही चालू आहे. शाळेतल्या मुलांना विमानतळ दाखविणे, परीक्षेसाठी मदत करणे, जागा निघाली की एकमेकांना कळविणे, ही तिची कामे. तरीही अमेरिकेत काळ्या लोकांचे प्रमाण शेकडा तेराच्या आसपास असताना वैमानिकांत ते शेकडा पाचाच्याही खाली आहे. काम किती बाकी आहे ते यावरून कळावे.

आता थोडा हिशेब. आम्ही कॉमर्सवाले, आकड्याशिवाय आमचे समाधान होत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या शिकलेल्या माणसांची पाहणी केली आणि १९७३-७४ च्या सुमारास ती प्रसिद्ध केली. शेकडा ५६ जणांना नोकरी ओळखीतून कळली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्याने नोकरी सांगितली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे, असे त्याने विचारले. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारा, असे सांगणारे शेकडा १७ सुद्धा नव्हते. ५५ हून अधिक जणांनी अधूनमधून भेटणारा आणि २७ हून अधिक जणांनी वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारा माणूस सांगितला. म्हणजे जिवलग मित्राने नोकरी दिली नाही, लांबच्या ओळखीने दिली. कारण उघड आहे. जिवलग मित्राला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी लांबून येते.

आपल्या वस्तीला हे लावून पाहा. आपला जीव एकमेकांत गुंतलेला आहे. चाळ एक, विहार एक, जयंतीचे मंडळ एक, कारखानाही बहुधा एकच. प्रेताला खांदा द्यायला शंभर माणसे येतात. पण त्या शंभर जणांना ठाऊक असलेल्या नोकऱ्या मोजल्या तर त्याच तीन-चार निघतात. ही आपल्या माणसांची खोट नव्हे. ज्या समाजाला गावाबाहेर ठेवले, त्याच्या ओळखी गावात कशा असणार? जातीने आपली जमीन घेतली, पाणी तोडले, हे आपण नेहमी बोलतो. लांबच्या ओळखीही तिने तोडल्या, हे कमी बोलले जाते.

खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात हे धागे दिसतात. केळुसकर गुरुजी हे काही नातलग नव्हते, जातीचे नव्हते. बागेत पुस्तक वाचीत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला. १९०७ साली मॅट्रिकच्या सत्काराला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव पोहोचविले. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ ची अमेरिकेची वाट त्याच दरबारातून निघाली. कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांनी शाहू महाराजांची गाठ घालून दिली आणि १९२० च्या ‘मूकनायका’ला महाराजांची मदत झाली. नवल भथेना हा पारशी मित्र न्यूयॉर्कला शिकताना भेटला, त्याने अडीअडचणीत कर्ज दिले. यांतल्या कुणीही नालायक माणसाला आत ढकलले नाही. बागेतला अभ्यास केळुसकरांनी केला नव्हता, त्यांनी तो पाहिला आणि जिथे सांगायला हवा तिथे सांगितला. आणि इतके असूनही १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. महाराजांची ओळख शिपायाच्या मनातल्या विटाळापुढे चालली नाही. पेरी यंगची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही ती यामुळे.

मग आपण काय करावे? आमच्या मनात मोठ्या योजना नाहीत. आपल्यातली जी माणसे बँकेत, विमा कचेरीत, इस्पितळात, कारखान्याच्या हिशेब खात्यात पोहोचली, ती फ्लॅटमध्ये राहायला गेली की विहाराचा रस्ता विसरतात. काही तर आडनावही आखडून घेतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दल दुःख व्यक्त केले होते, ते याच जातीचे दुःख. या माणसांकडे आम्ही वर्गणी मागायला जातो, म्हणून ती टाळतात. वर्गणी मागू नका. त्यांना महिन्यातून एक संध्याकाळ मागा. मुलांसमोर बसून आपल्या कचेरीत काम कसे चालते, माणूस कसा घेतात, कोणता कोर्स नुसता फीचा धंदा आहे, एवढेच त्यांनी सांगावे.

मुलांनाही एक सांगणे आहे. कुणाकडे गेलात तर हातात बायोडाटा घेऊन एकदम ‘साहेब, कुठेतरी लावा’ असे म्हणू नका. ‘कुठेतरी’ नावाची जागा कोणत्याच कंपनीत नसते. विचारा की, तुमच्या खात्यात काय काम येते, मी काय शिकून येऊ? सांगितलेले शिका आणि शिकल्यावर पुन्हा जाऊन सांगा. ही दुसरी भेट फार थोडी मुले देतात. मुलींना तर पहिल्या भेटीलाही कुणी पाठवीत नाही. बाप म्हणतो, उगीच लोकांच्या दारात कशाला? विला ब्राउनच्या बापाने काय म्हटले असते कोण जाणे, पण ती बाई बूट घालून कचेरीत शिरली म्हणून बातमी छापून आली.

कुणी विचारील की, आपल्या मुलाने वैमानिकच व्हायचे म्हटले तर? व्हावे. आपल्या देशात व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, शिक्षण बारामतीला, गोंदियाजवळच्या बिरसीलाही होते. पण खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून वर जातो. परवाना मिळाला तरी नोकरी लगेच मिळत नाही आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. तेव्हा घर गहाण टाकण्यापूर्वी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि त्या धंद्यात असलेल्या निदान तीन माणसांना गाठून विचारा. विमान न चालविताही विमानतळावर शंभर कामे असतात, मेकॅनिकपासून हवाई वाहतूक नियंत्रणापर्यंत. तीही विचारून या.

ज्या विहारांत किंवा मंडळांत अशी मासिक बैठक सुरू असेल त्यांनी आम्हाला पोस्टकार्ड टाकावे. कोण माणूस बोलायला आला, मुलांनी काय विचारले आणि पुढे काय झाले, एवढे तीन-चार ओळींत लिहावे. येणारी पत्रे आम्ही या जागी छापू. नोकरी लागल्याचीच कळवा असे नाही. कुठे दार लावून घेतले गेले तर तेही लिहा, कंपनीचे नाव मात्र पुराव्याशिवाय घालू नका.